रूट कॅनल कशानं भरलं? त्याआधी विचारा, कुठवर भरलं

दाढ ठणकायला लागली की माणूस दवाखान्यात जातो, एक्स-रे निघतो, डॉक्टर म्हणतात, 'रूट कॅनल करावं लागेल.' इथवर कुणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ सुरू होतो तो पुढे. एका दवाखान्यात 'साध्या पद्धतीनं भरू' असं सांगतात, दुसरीकडे 'गरम पद्धत घ्या, ती पक्की', तर तिसरीकडे 'आता बायोसिरॅमिक आलंय, बाकी सगळं जुनं झालं.' प्रत्येकाचा दर वेगळा. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या माणसाला अमरावतीही जवळ आणि अकोलाही, त्यामुळे एकच एक्स-रे दोन्ही शहरांत फिरतो आणि दोन मतं घेऊन घरी येतो. मग प्रश्न येतो, "मॅडम, मसाला कोनता चांगला राह्यते, तेवढं सांगा ना."

दंतवैद्य म्हणून माझं उत्तर असं : बहुतेक दातांसाठी मसाल्याच्या पद्धतीवरून रूट कॅनलचं यश ठरत नाही. सगळ्या नळ्या सापडल्या का, त्या नीट धुतल्या का, भरण मुळाच्या टोकापर्यंत पोचलं का आणि वरून दात वेळेत बंद झाला का, या चार गोष्टींवर ते ठरतं. काही दातांच्या बाबतीत मात्र पद्धतीची निवड खरोखर महत्त्वाची असते. तुमचा दात त्यातला आहे का, हे ओळखून प्रश्न विचारता यावेत म्हणून हा लेख.

आत नेमकं काय भरतात?

दाताच्या मुळात बारीक नळ्या असतात आणि त्यांत आपण 'नस' म्हणतो तो जिवंत भाग असतो. कीड तिथपर्यंत पोचली की नस सडते आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. रूट कॅनलमध्ये ही नस काढतात, नळ्या फाईल नावाच्या बारीक अवजारानं घासून रुंद करतात, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणानं धुतात आणि मग रिकामी नळी बंद करतात. नळी रिकामी राहिली तर ओल झिरपते आणि जंतू पुन्हा वस्ती करतात.

ती बंद करायला वापरतात गटापर्चा. मलाया भागातल्या एका झाडाच्या चिकापासून हा पदार्थ होतो आणि १८६७ सालापासून तो दातांच्या नळ्यांत वापरात आहे. दवाखान्यात तो गुलाबी-नारिंगी रंगाच्या सुईसारख्या काड्यांच्या रूपात दिसतो. त्यात खरा गटापर्चा साधारण पाचवा हिस्सा असतो, बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड. तो दाताच्या भिंतीला आपणहून चिकटत नाही, म्हणून सोबत सीलर नावाचा पातळ लेप लागतो. काडी आणि लेप या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक पद्धतीत असतात. फरक पडतो तो काडी कशी दाबायची आणि लेप कोणता घ्यायचा, एवढ्यात.

दवाखान्याच्या पाटीवरचे तीन शब्द आधी बाजूला काढा

- रोटरी : ही नळी घासायची पद्धत आहे. हातानं फिरवायच्या फाईलऐवजी मशीनवर फिरणारी निकेल-टायटॅनियमची फाईल वापरतात. काम लवकर होतं, वाकड्या नळीत आकार चांगला येतो. भरण्याशी तिचा थेट संबंध नाही.
- लेझर : नळी निर्जंतुक करायला जोड म्हणून वापरतात. नळी त्यानंतरही भरावीच लागते.
- सिंगल सिटिंग : एकाच बैठकीत काम. मुळाभोवतीचं हाड भरून येण्याच्या बाबतीत एक बैठक आणि दोन-तीन बैठका यांत फरक आढळलेला नाही. एका बैठकीत केलं तर पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं जास्त असू शकतं.

म्हणजे 'रोटरी लेझर सिंगल सिटिंग रूट कॅनल' असा दर तुम्हाला सांगितला, तरी नळी कशी भरणार हे अजून कुणी सांगितलेलंच नाही.

भरायच्या पद्धती

१. थंड पद्धत, म्हणजे लॅटरल कंडेन्सेशन. तुम्हाला 'साधी' म्हणून सांगतात ती हीच. जगभरातल्या अनेक दंत महाविद्यालयांत विद्यार्थी पहिल्यांदा हीच शिकतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत आजही हीच चालते. नळीच्या मापाची मुख्य काडी आधी कोरडीच बसवून पाहतात. ती टोकाशी अशी बसली पाहिजे की ओढताना किंचित अडते. ते अडणं डॉक्टरांच्या बोटांना कळतं. काडी आत ठेवूनच एक एक्स-रे काढतात. लांबी बरोबर असेल तर लेप लावून काडी बसवतात, बाजूनं टोकदार अवजार दाबून जागा करतात आणि त्या जागेत बारीक काड्या एकेक करून सरकवतात. पऱ्हाटीची मोळी बांधताना आपण फटीत बारीक काटक्या खोचतो, तसंच. शेवटी वरची शेपटं गरम अवजारानं कापतात.

हिची जमेची बाजू म्हणजे लांबीवरचा ताबा. काडी टोकाबाहेर जायची भीती कमी, खर्च कमी, मोठं यंत्र लागत नाही, पुढे कधी पुन्हा उघडायची वेळ आली तर भरण काढणं सोपं. उणी बाजू अशी की काड्यांच्या मध्ये फटी राहू शकतात, आणि अवजार जास्त जोरानं दाबलं तर बारीक मूळ उभं तडकू शकतं.

२. गरम पद्धत. अमेरिकेतले हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ साली ती मांडली. तापवलेल्या अवजारानं गटापर्चा नळीतच मऊ करून खाली दाबतात, नंतर वरचा भाग पिचकारीसारख्या गनमधून मऊ गटापर्चा सोडून भरतात. मऊ झालेला पदार्थ कोपऱ्या-खोबणीत शिरतो, बाजूच्या बारीक फाट्यांतही जातो. एक्स-रे दिसायला सुरेख येतो. पण मऊ पदार्थ टोकाबाहेरही जाऊ शकतो, यंत्राची किंमत दरात येते, आणि उष्णता जपून वापरावी लागते. कारण मुळाबाहेरचं हाड फार तापलं तर त्याला इजा होते.

३. गाभ्यावरचा गटापर्चा. प्लॅस्टिकच्या किंवा तशाच गाभ्यावर गटापर्चा चढवलेला असतो. छोट्या भट्टीत तापवून तो थेट नळीत उतरवतात. लवकर होतो, वाकड्या नळीत चांगला जातो. प्लॅस्टिकचा गाभा नंतर काढणं मात्र कष्टाचं असतं. दातात पुढे पोस्ट, म्हणजे वरच्या बांधकामाला आधार देणारी दांडी, बसवायची शक्यता असेल तर हे आधी विचारा.

४. एक काडी आणि बायोसिरॅमिक लेप. गेल्या काही वर्षांत झपाट्यानं पसरलेली पद्धत. रोटरी फाईलच्या अचूक आकाराची एकच काडी आणि कॅल्शियम सिलिकेटचा लेप. हा लेप दातातल्याच ओलाव्यावर घट्ट होतो, आकसत नाही, हाडाला त्रास देत नाही. अवजारानं दाबावं लागत नाही म्हणून मुळावर ताण येत नाही. लेप महाग असतो, दर वाढतो तो त्यामुळे. मला ही पद्धत आवडते, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, जुन्या पद्धतींइतका दीर्घ अनुभव अजून हिच्या पाठीशी नाही. दोन, लेप दगडासारखा कडक होतो. काडी टोकापर्यंत पोचलेली नसेल आणि खाली नुसता लेपच असेल, तर पुन्हा रूट कॅनल करताना तो भाग उघडणं फार अवघड जातं.

काही ठिकाणी नुसती पेस्ट घुसवून नळी भरतात, त्यातही फॉर्मल्डिहाइड सोडणारी पेस्ट असेल तर ती स्पष्ट नाकारा. असं औषध टोकाबाहेर गेलं तर हाड आणि खालच्या ओठाची नस कायमची दुखावू शकते. चांदीच्या काड्यांचा जमाना केव्हाच संपला, कारण त्या आत गंजतात. कुणाच्या जुन्या दातात असतील आणि दुखत नसेल तर घाबरून काढू नका, फक्त नवा एक्स-रे काढून घ्या.

मग चांगली कोणती?

२००७ साली गरम आणि थंड पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. उपचारानंतरचं दुखणं, दीर्घकाळचं यश आणि भरणाचा दर्जा या तिन्ही बाबतींत ठळक फरक दिसला नाही. फरक दिसला तो एकाच ठिकाणी : गरम पद्धतीत भरण टोकाबाहेर जाण्याचं प्रमाण जास्त होतं.

आता दुसरा आकडा बघा. स्वीडनमधल्या उमिओ इथं रुग्णांना ८ ते १० वर्षं तपासून केलेला अभ्यास १९९० साली आला. नस मेलेली आणि टोकाशी हाडात काळा डाग असलेल्या दातांत, भरण टोकापासून २ मिलिमीटरच्या आत संपलं होतं तिथं यश ९४ टक्के. टोकाबाहेर गेलं होतं तिथं ७६ टक्के. २ मिलिमीटरपेक्षा जास्त अलीकडेच थांबलं होतं तिथं ६८ टक्के. दोन-तीन मिलिमीटरनं एवढा फरक पडतो. म्हणून 'गरम की थंड' विचारण्याआधी 'कुठवर' हे विचारा, असं मी रुग्णांना सांगते.

दोन डॉक्टरांपैकी एक थंड पद्धतीत तरबेज असेल आणि दुसऱ्यानं नुकतीच गरम पद्धतीची मशीन घेतली असेल, तर पहिल्याकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही.

पद्धत विचारायलाच हवी असे दात

- दाताचं मूळ आतून पोखरलं गेलंय. नळीच्या मध्येच पोकळी झालेली असते. सरळ काडी ती भरू शकत नाही, तिथं गरम पद्धतच कामाची.
- इंग्रजी सी अक्षरासारखी नळी. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी कधी असते. इथंही गरम पद्धत बरी, पण ती येणाऱ्याच्या हातून.
- मुळाचं टोक उघडं आहे. लहानपणी सायकलवरून पडून पुढचा दात मेला आणि मूळ पूर्ण वाढलंच नाही, असं होतं. टोकाशी आधी एमटीए नावाच्या सिमेंटची किंवा बायोसिरॅमिकची खुंटी घालावी लागते. गटापर्चा त्यानंतर.
- मूळ बारीक किंवा तडकण्याच्या बेतात. अवजाराचा दाब नको. एक काडी आणि बायोसिरॅमिक लेप योग्य.
- खालच्या दाढेची मुळं ओठाच्या नसेला खेटून आहेत. टोकाबाहेर काहीही जाता कामा नये. कोणती पद्धत आणि काय काळजी घेणार, हे डॉक्टरांना थेट विचारा.
- दुधाचा दात. यात गटापर्चा सहसा भरत नाहीत. खालून पक्का दात येताना विरघळेल असं औषध भरतात. मुलाच्या दुधाच्या दाढेसाठी 'मोठ्यांसारखं पक्कं भरा' असा आग्रह धरू नका.

तुमचा दात यांत बसत नसेल तर जे डॉक्टर सफाईनं करतात ती पद्धत घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या कॅपसाठी ठेवा.

एक्स-रे स्वतः बघायला शिका

काम संपल्यावरचा एक्स-रे डॉक्टरांच्या संगणकावर असतो. तो बघू द्या म्हणा, त्यात संकोच कसला? तुम्हाला काय दिसायला हवं ते सांगते.

दातात मुळाच्या दिशेनं उतरणारी पांढरीशुभ्र रेघ म्हणजे भरण. तिचा शेवट बघा. मुळाचं टोक जिथं संपतं त्याच्या अगदी अलीकडे, अर्धा ते दोन मिलिमीटरवर ती थांबली पाहिजे. मूळ लांब आणि रेघ अर्ध्यातच संपलेली असेल तर कारण विचारा. कारण असू शकतं : नळी चुन्यासारखी बुजलेली असते, कधी आत पायरी तयार होते. पण ते तुम्हाला सांगितलं गेलं पाहिजे. रेघ टोकाबाहेर हाडात डोकावत असेल तरीही विचारा. लेपाचा एखादा बारीक ठिपका बाहेर गेला तर सहसा चिंतेचं कारण नसतं, जाड काडीच बाहेर असेल तर पुढच्या तपासण्या चुकवू नका.

मग रेघेचा पोत बघा. ती वर रुंद, खाली निमुळती आणि सलग हवी. मध्ये काळ्या फटी नकोत. आणि रेघा मोजा. पुढच्या दातांत बहुधा एक, खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत तीन तर असतातच, पण चौथी नळी बऱ्याचदा असते आणि तीच चुकते. रूट कॅनल होऊनही दाढ चावताना दुखत राहते, त्यामागे ही न सापडलेली चौथी नळी असणं अगदी नेहमीचं आहे. समोरून काढलेल्या एक्स-रेत दोन रेघा एकमेकींवर येतात, त्यामुळे एक कमी दिसली म्हणून लगेच भांडू नका. तिरपा एक्स-रे काढून दाखवा, असं म्हणा.

खर्रा खात असाल तर आधी सांगा

वऱ्हाडात हा विषय टाळून दातांबद्दल लिहिता येत नाही. खर्रा, सुपारी, गुटखा यांनी गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. तुमची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये जातात का ते आरशासमोर बघा. दोनच जात असतील तर मागच्या दाढेचं रूट कॅनल अवघड होणार, कारण फाईल आणि अवजार आत उभं राहायलाच जागा नसते. गरम पद्धतीची गन तर आणखी जागा मागते. अशा वेळी डॉक्टर एक काडीची पद्धत सुचवत असतील तर त्यामागे ठोस कारण आहे.

तोंड आज दोन बोटं उघडतंय तर उपचार आजच करून घ्या, पुढे ते आणखी कमी उघडू शकतं. आणि ही अवस्था कर्करोगाच्या आधीची पायरी मानली जाते, म्हणून दाढेसोबत गालाचीही तपासणी करून मागा. खर्रा सुटला तर पुढचं बिघडणं थांबू शकतं.

अर्धवट सोडलेलं रूट कॅनल

आमच्या भागात सगळ्यात जास्त दात मसाल्याच्या चुकीनं जात नाहीत, अर्धवट सोडल्यानं जातात. पहिल्या बैठकीत नस निघाली की ठणका थांबतो. तेवढ्यात सोयाबीन काढणी येते, मग कापसाची वेचणी, मग हरभरा. वर घातलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांसाठीच असतं. ते झिजतं, लाळ आत जाते, आणि चार महिन्यांनी माणूस गाल सुजवून परत येतो. तेव्हा नळीत नव्यानं जंतू असतात आणि दाताची भिंत तुटलेली असते.

तेव्हा पहिल्याच दिवशी हे ठरवून घ्या :

- किती बैठका लागतील आणि दोन बैठकांत किती अंतर?
- हंगाम तोंडावर असेल तर एकाच बैठकीत होईल का? सूज किंवा पू असेल तर कधी कधी नाही होत, पण विचारा.
- धारणी, वरूड, तेल्हारा अशा लांबच्या गावाहून येत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. बैठक सकाळची घ्या, म्हणजे परतीची एसटी चुकणार नाही.
- तात्पुरतं सिमेंट पडलं तर काय करायचं? उत्तर एकच : दुखत नसलं तरी दोन-चार दिवसांत परत या.

नळ्या भरून झाल्या म्हणजे काम संपलं असंही नाही. १९९५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात हजारावर दातांचे एक्स-रे तपासले. आतलं भरण आणि वरचं बांधकाम दोन्ही चांगलं होतं तिथं ९१ टक्के दातांत टोकाशी आजार नव्हता, दोन्ही वाईट होतं तिथं जेमतेम १८ टक्के दात निरोगी होते. २००२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात कॅप न बसवलेले दात कॅपवाल्या दातांपेक्षा सहापट वेगानं गमावले गेले. दाढेला कॅप हवीच, आणि ती काही आठवड्यांत. पुढच्या दाताला बरेचदा कॅपशिवाय चालतं, तो बराच शाबूत असेल तर उगाच घासून घेऊ नका. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं फुटाणे, सुपारी, मटणाचं हाडूक नको. भाकरी चालेल, दुसऱ्या बाजूनं.

दर विचारताना

नुसता 'रूट कॅनलचे किती?' असा प्रश्न विचारू नका. पुढच्या गोष्टी कागदावर लिहून मागा :

1. या आकड्यात एक्स-रे, वरचं पक्कं सिमेंट आणि कॅप धरली आहे का? स्वस्त वाटणाऱ्या दरात कॅप बहुतेक वेळा नसते.
2. कॅप कशाची : धातूची, धातूवर सिरॅमिकची की झिर्कोनियाची? मागच्या दाढेला धातूची कॅप उत्तम टिकते, तिची लाज बाळगू नका.
3. काम करताना रबर डॅम लावणार का? दाताभोवती ताणलेला हा रबराचा पडदा १८६४ सालापासून वापरात आहे. लाळ नळीत जात नाही, फाईल घशात पडत नाही, धुण्याचं द्रावण तोंडात उतरत नाही. माझ्या मते गरम पद्धतीसाठी जादा पैसे द्यायच्या आधी रबर डॅमचा आग्रह धरा.
4. नळीची लांबी कशी मोजणार? एपेक्स लोकेटर नावाचं छोटं यंत्र आणि एक्स-रे, दोन्ही वापरले तर उत्तम.
5. बायोसिरॅमिकचा दर लावत असाल तर माझ्या दातात त्याची गरज का?

पाचव्या प्रश्नाला चांगला डॉक्टर एका वाक्यात उत्तर देतो.

कुठे जायचं?

साध्या दाताचं रूट कॅनल बीडीएस डॉक्टर उत्तम करतात आणि कायद्यानं त्यांना तो अधिकार आहे. वाकड्या नळ्या, बुजलेल्या नळ्या, आधी फसलेलं रूट कॅनल, आत तुटलेली फाईल असं काही असेल तर याच विषयात एमडीएस केलेले एंडोडॉन्टिस्ट गाठा. पैशांची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांचा विचार करा. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय तपोवन-वडाळी रस्त्यावर आहे. अकोल्याजवळ कान्हेरी सरपला डॉ. राजेश कांबे दंत महाविद्यालय आहे. त्यापुढे नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं शरद पवार दंत महाविद्यालय. तिथं विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या वाढतात, पण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी तपासतं आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. खिडकीवर 'कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री' विभागाचा केसपेपर मागा.

दुखणं किती साहायचं?

भरल्यानंतर दोन-तीन दिवस चावताना ठसठस होणं नेहमीचं आहे, साध्या वेदनाशामक गोळीनं ते बसतं. सूज नाही, ताप नाही, तर अँटिबायोटिकची गरज नसते. मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका. पुढच्या गोष्टी झाल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा :

- गाल किंवा गळा भराभर सुजतोय, गिळायला त्रास होतोय.
- भूल उतरायची वेळ टळून गेली तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर आहे. हे 'उद्या बघू' म्हणून सोडू नका, मसाला नसेवर गेलेला असेल तर वेळ फार मोलाचा असतो.
- तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय.

तुमचे हक्क

उपचाराआधी पर्याय, धोके आणि खर्च समजून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. दात काढणं हाही एक पर्याय असतो आणि तोही सांगितला गेला पाहिजे. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तिन्ही एक्स-रे मागून घ्या. डिजिटल असतील तर मोबाइलवर येतात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तेवढेच पुरतात. बाबवार पावती मागा. फाईल आत तुटली तर तसं सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. फाईल तुटणं म्हणजे दर वेळी हलगर्जीपणा नव्हे, काही वेळा ती आतच ठेवून दात वर्षानुवर्षं टिकतो. लपवणं मात्र चूक.

दात तपासणारी व्यक्ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदलेली असली पाहिजे. नोंदणी क्रमांक विचारा. बाजाराच्या दिवशी टेबल मांडून 'दात पक्का करून देतो' म्हणणाऱ्याकडे तो नसतो.

तक्रार करायचीच झाली तर आधी डॉक्टरांशी लेखी बोला. तिथं निकाल लागला नाही तर वागणुकीबद्दल राज्य दंत परिषद आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली स्पष्ट केलं. सगळ्यांनाच मोफत मिळणारी सेवा त्यात येत नाही. सध्याच्या २०१९ च्या कायद्यानुसार घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करायची असते, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क लागत नाही. मात्र रूट कॅनल फसलं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं आयोग मानत नाही. योग्य काळजी घेऊनही काही दात बरे होत नाहीत. तुमच्या हातात एक्स-रे आणि पावत्या असतील तरच तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

एक वर्षानं परत या

मुळाच्या टोकाशी काळा डाग होता का, हे पहिल्या एक्स-रेवरून विचारून घ्या. असेल तर एक वर्षानं पुन्हा एक्स-रे काढा. हाड सावकाश भरतं. डाग लहान झालेला दिसला तर काम योग्य वाटेवर आहे आणि पूर्ण भरायला चार वर्षंही लागू शकतात. तेवढ्यात 'इन्फेक्शन आहे, काढून टाका' असं कुणी म्हणालं तर आधीचा एक्स-रे शेजारी ठेवून तुलना करून मागा. डाग तेवढाच किंवा मोठा असेल तर तीन वाटा उरतात : जुना मसाला काढून नव्यानं रूट कॅनल, हिरडीतून छोटी शस्त्रक्रिया करून मुळाचं टोक कापून ते खालून बंद करणं, किंवा दात काढणं. पहिल्या वाटेसाठी नव्या डॉक्टरांना लागणारी पहिली माहिती म्हणजे आधी आत काय भरलं होतं. गटापर्चा, गाभ्यावरचा गटापर्चा की बायोसिरॅमिक, एवढं पावतीवर आजच लिहून घ्या.